चिऊचा घास: प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

कारखान्यात प्रत्येक मागाची एक वही असते. कुठला भाग कधी बदलला, ताणा कशानं तुटत होता, काय केल्यावर थांबला, हे तारखेनिशी लिहायचं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर मी १७ वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आहे. मला लिहायची हीच रीत येते, म्हणून माझी लेक चिऊ हिच्या जेवणाची वहीही अशीच लिहितोय.

चिऊ २० महिन्यांची. ३१व्या आठवड्यात जन्मली, तेव्हा १ किलो ३५० ग्रॅम होती. काचेच्या पेटीत सव्वा महिना नाकातल्या नळीनं दूध. अंग सैल, मान उशिरा धरली, बसते पण टेकून. समोरचे ८ दात आहेत, दाढा आत्ता डोकावतायत. आजचं वजन ८ किलो १०० ग्रॅम. अंगणवाडीच्या कार्डावर ठिपका खालच्या रेषेच्या खाली पडला. दंडाला पट्टी लावली तर १२.१ सेंटिमीटर, म्हणजे पिवळा भाग. साडेअकराच्या खाली गेली असती तर लाल.

खाते काय, तर मिक्सरमधून काढून वर गाळलेली मूगडाळ-तांदळाची पेज. अर्धी वाटी, ५५ मिनिटं. एक कण लागला तरी ओकारी. दिवाळीला पाहुणे आले ते सगळे एकच बोलून गेले, लाडावलीय, दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल. चिऊची आई त्या रात्री न जेवता झोपली.

१४ नोव्हेंबर

अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, त्यावर सात रस्त्याकडच्या एका केंद्रात गेलो. तिथल्या थेरपिस्ट ताईंनी तासभर चिऊला काही दिलंच नाही. नुसत्या बघत बसल्या. मग आम्ही घरी जसं भरवतो तसं भरवायला सांगितलं. चिऊची आई मांडी घालून बसली, चिऊला आडवं घेतलं, मान मागे, चमचा वरून.

ताई म्हणाल्या, "आता तुम्ही स्वतः मान मागे टाकून पाणी गिळून बघा."

मी गिळून बघितलं. ठसका लागला.

त्यांनी सांगितलं ते जसं समजलं तसं लिहून ठेवतो. चिऊ हट्टी नाही. तिचे ओठ मिटत नाहीत, जीभ फक्त पुढे-मागे हलते आणि घास बाहेर ढकलते. चावायचं तर जिभेनं घास कडेला, दाढांकडे सरकवावा लागतो, ती हालचाल तिच्यात अजून आलेलीच नाही. शिवाय आयुष्याचे पहिले ३५ दिवस नाका-घशात नळी, तोंडाशी जे आलं ते दुखवणारंच आलं. त्यामुळे तोंड सांभाळायचं तिनं शिकून घेतलंय. आणि जिचं कंबर-धड डुगडुगतंय ती सगळी ताकद न पडण्यात घालवते, तोंडाला उरतच नाही.

हे शेवटचं मला चटकन कळलं. मागाचा पाया लेव्हलला नसेल तर वर कितीही दुरुस्त्या करा, सूत तुटणारच. आधी पाया.

(इथे जे लिहितोय ते चिऊपुरतं आहे. दुसऱ्या लेकराचं तोंड वेगळं, घसा वेगळा. त्याला बघणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय यातलं काही उचलू नये.)

१७ ते २३ नोव्हेंबर: खुर्ची

मापं: पाठीपासून गुडघ्याच्या खाचेपर्यंत २१ सेंमी, गुडघ्याच्या खाचेपासून टाचेपर्यंत १८ सेंमी, बसल्यावर कोपर १३ सेंमीवर.

ताईंची अट अशी की कंबर, गुडघे, घोटे तिन्ही काटकोनात आणि तळपाय पूर्ण टेकलेले. बाजारातली प्लॅस्टिकची उंच खुर्ची आणून बघितली होती, त्यात तिचे पाय लोंबतात. स्वतः उंच स्टुलावर पाय लोंबते ठेवून भाकरी खाऊन बघितली तेव्हा लक्षात आलं की जबडा सुद्धा नीट लागत नाही.

१२ मिमी प्लाय घेतला. बैठक १८ सेंमी खोल ठेवली, म्हणजे गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा राहते, कड रुतत नाही. पायफळीसाठी बाजूच्या फळ्यांना दर २ सेंमीवर एक अशी ६ भोकं पाडली, ८ मिमीचे बोल्ट, विंग नट. वाढेल तशी खाली घ्यायची. बैठकीवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या, घसरू नये म्हणून. दोन्ही कुशींना कारखान्यातल्या सेकंड मालाच्या टॉवेलच्या गुंडाळ्या. पट्टा चिऊच्या आईनं शिवला, ती घरी टॉवेलच्या कडा शिवायचं काम घेते, तिचा हात साफ आहे. समोरची फळी कोपराच्या उंचीला.

सगळे काटकोन गुण्या लावून बघितले. पहिल्यांदा बसवली तेव्हा चिऊनं दोन्ही हात फळीवर ठेवले आणि सरळ माझ्याकडे बघितलं. इतकी ताठ बसलेली मी तिला पाहिली नव्हती.

२४ नोव्हेंबर

पेज तीच, चमचाही तोच, फक्त खुर्ची बदलली. अर्धी वाटी ३८ मिनिटांत.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम घरात सगळ्यांना सांगितला. दोन बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

३ डिसेंबर

आता चमचा. स्टीलचा खोल चमचा बंद. दाताला लागला की ती करकचून चावते आणि आम्ही ओढायचो. ओढलं की आणखी घट्ट. ताई म्हणतात थांबायचं, जबडा आपोआप सुटतो. नवा चमचा मऊ आणि जवळपास सपाट. समोरून, तिच्या डोळ्यांच्या खालच्या पातळीवरून आणायचा, जिभेच्या मध्यावर ठेवून जरासं दाबायचं आणि वाट बघायची. वरचा ओठ खाली आला की चमचा सरळ बाहेर. वरच्या ओठाला पुसून घास आत सोडायचा नाही, म्हणजे ओठाला काम राहतं.

वाट बघणं सगळ्यांत अवघड. मी मनात अंक मोजतो. काल आठपर्यंत गेलो तेव्हा ओठ हलला.

आजीला हे पटत नव्हतं. तिनं पाच लेकरं वाढवली, कुणाला काटकोनात बसवलं नाही. ती म्हणाली, "घास पुढं नेला की पोरगं तोंड उघडतंय, एवढंच असतंय." मी वाद घातला नाही. तिला भरवायला बसवलं आणि चिऊच्या हनुवटीखाली तिचं बोट ठेवलं. चिऊ गिळते तेव्हा किती जोर लावते ते बोटाला जाणवतं. आजी गप्प झाली. मग म्हणाली, "लई कष्ट आहेत गं बाय तुला."

१२ डिसेंबर, पुणे

पाणी पिताना ठसका, नंतर आवाज ओला, घरघरता. गेल्या वर्षात दोन वेळा न्यूमोनिया. ताईंना शंका होती की पाणी श्वासनळीकडे जातंय, म्हणून गिळण्याचा एक्स-रे करायला सांगितला. हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलो. खाण्यात बेरियम मिसळून भरवायचं आणि त्याच वेळी पडद्यावर एक्स-रे चालू असतो, घास कुठून कुठे जातो ते हलत्या चित्रासारखं दिसतं.

आम्ही तिचीच खुर्ची रेल्वेत घालून नेली होती. तिथल्या तंत्रज्ञांनी ती तशीच मशिनीत बसवून घेतली.

पेज नीट खाली गेली. साधं पाणी मात्र श्वासनळीच्या तोंडाशी गेलं. दोनदा गेलं, त्यातल्या एका वेळी ती खोकलीसुद्धा नाही. मी तेच बघत राहिलो. ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही वीस महिने धरून चाललो होतो.

निष्कर्ष: पातळ पाणी, पातळ दूध बंद. घट्ट केलेलं चालेल. घन खाण्याकडे हळूहळू जायला हरकत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं.

१९ डिसेंबर: आंबील मोजणे

घट्ट म्हणजे किती घट्ट? ही मोजायची रीत ताईंनी शिकवली आणि मला ती फार आवडली. खाण्यापिण्याच्या घट्टपणाची ० ते ७ अशी एक पट्टी जगभर वापरतात, आयडीडीएसआय नावाची. साधं पाणी ०. दहा मिलीची सिरिंज घ्यायची, दट्ट्या काढायचा, खालचं भोक बोटानं बंद करून दहापर्यंत भरायची, बोट काढून १० सेकंद सोडायचं. आत १ ते ४ मिली उरलं तर पातळी १, ४ ते ८ उरलं तर २, आठाच्या वर उरलं तर ३. सगळ्या कंपन्यांच्या सिरिंज सारख्या नसतात, शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंत ६१.५ मिमी हवेत. मी कारखान्यातून व्हर्नियर आणून मोजली. पहिली बसली नाही, दुसऱ्या दुकानातली बसली.

चिऊला पातळी २ सांगितली आहे. पाण्यात डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर. ती महाग आहे, म्हणून जमेल तिथे ज्वारीची आंबील. गरम असताना ६ मिली उरली, कोमट झाल्यावर साडेसात. म्हणजे ज्या तापमानाला पाजणार त्याच तापमानाला मोजायची.

एक कोडं पडलं होतं. वाटीच्या सुरुवातीला आंबील घट्ट, शेवटी पाण्यासारखी, आणि ठसका नेहमी शेवटच्या चार-पाच चमच्यांना. ताईंना विचारलं. चमच्याबरोबर लाळ वाटीत जाते आणि लाळेनं पिठूळ पदार्थ पातळ होतो. आता दोन वाट्या. मोठीतून छोटीत थोडं थोडं घ्यायचं, चमचा फक्त छोटीत. तीन दिवस झाले, शेवटचा ठसका गेला.

पेल्याचंही काम केलं. प्लॅस्टिकच्या पेल्याच्या एका बाजूची कड अर्धगोल कापली आणि बारीक पॉलिश पेपरनं घासली. कापलेली बाजू नाकाकडे. आता मान मागे न टाकता पिता येतं.

२९ डिसेंबर

वरणभाताचा नाद सोडला.

आपल्याकडे लेकराचं पहिलं जेवण म्हणजे वरणभात, म्हणून आम्ही पेजेवरून थेट त्यावर जायला बघत होतो. पण पातळ वरणात तरंगणारी शितं म्हणजे तोंडाला एकाच वेळी दोन कामं. पातळ आहे ते घशाकडे पळतं, शीत मागे राहतं. ज्याला दोन्ही सांभाळता येत नाही त्याला हे सगळ्यांत अवघड. गुरगुट्या भात त्यापेक्षा बरा, पण त्यावर पाणी सुटू द्यायचं नाही.

शेजारच्या अक्कांना हे सांगत होतो. आमची गल्ली अशोक चौकाकडची, निम्मी घरं तेलुगू. त्या आत गेल्या आणि वाटीभर मुद्दपप्पू घेऊन आल्या. तूरडाळ शिजवून पाणी न घालता घोटलेली, वर तूप. चमचा तिरका केला तर गोळा एकसंध घसरून पडतो, चमच्याला चिकटत नाही. ताईंनी सांगितलेली तिरक्या चमच्याची चाचणी हीच. आम्ही महिनाभर शोधत होतो ते शेजारी रोज शिजत होतं.

चिऊनं ११ चमचे खाल्ले. ओकारीची उबळ १.

५ जानेवारी २०२५

वजन ८ किलो ३५०. जेवण २५ मिनिटांच्या वर न्यायचं नाही असं ठरलंय, त्यानंतर ती दमते आणि दमल्यावर घास चुकतो. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. प्रत्येक वाटीत एक चमचा तूप. जेवल्यावर अर्धा तास आडवी करायची नाही. हुलग्याचं माडगं आवडलं.

१५ जानेवारी

काल संक्रांत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला गावाकडची माणसं आलेली, घर भरलेलं. नंदीध्वजांची मिरवणूक बघून सगळे परतले आणि तिळगूळ सुरू झाला. पाच वर्षांच्या भाच्यानं मायेनं चिऊच्या तोंडात तिळाची वडी घातली. वडीत शेंगदाणा होता.

मी दारात होतो. आवाज आला नाही म्हणून वळलो. खोकला नाही, रडणं नाही, तोंड उघडं, ओठ काळपट.

उबळ आणि अडकणं यातला फरक ताईंनी पहिल्याच महिन्यात पाठ करून घेतला होता. उबळीत आवाज असतो, चेहरा लाल होतो, जीभ बाहेर येते, लेकरू स्वतः बाहेर काढायला बघतं. तेव्हा हात लावायचा नाही, धीर द्यायचा. अडकतं तेव्हा आवाज बंद होतो. तोंडात आंधळेपणानं बोट घालायचं नाही, घास आणखी आत जातो. मी तिला मांडीवर पालथी घेतली, डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं थाप. पाच थापा द्यायच्या असतात, नाही निघालं तर वर्षावरच्या लेकराला बेंबीच्या वर पोटावर पाच दाब, पुन्हा थापा. तिसऱ्या थापेला अर्धा दाणा फरशीवर पडला. मग ती रडली. तेवढ्यात चुलतभावानं १०८ लावला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी दोन्ही बाजूंची छाती बराच वेळ ऐकली. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून पुढचे काही दिवस खोकला किंवा शिट्टीसारखा श्वास आला तर दुर्बीण घालून बघावं लागेल म्हणाले. रात्रभर आम्ही दोघं तिचा श्वास ऐकत बसलो. तसला आवाज आला नाही.

भाच्याला कुणीही रागावायचं नाही असं मी सांगितलं. तो कोपऱ्यात बसून थरथरत होता. त्याला जवळ घेतलं. चूक माझी. सगळ्यांना घरात येऊ दिलं आणि चिऊला काय द्यायचं नाही हे कुणाला सांगितलं नाही. आज भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलं: शेंगा, फुटाणे, चुरमुरे, डाळिंबाचे दाणे, अख्खं द्राक्ष, चिक्की, कडक भाकरी, लाह्या नाहीत. विचारल्याशिवाय घास नाही.

घरातल्या सगळ्या मोठ्यांना उशीवर थापा शिकवल्या. आजीलाही.

२६ जानेवारी

११ दिवस झाले. चमचा दिसला की तोंड मिटते, मान फिरवते. घट्ट आंबील आणि दूध तेवढं कापलेल्या पेल्यानं घेते. वजन ८ किलो २००. दीडशे ग्रॅम गेले.

चिऊची आई म्हणाली, "अहो, एकदाच धरून भरवू. भूक कळेल तिला." तिच्या डोळ्याला डोळा नाही. मी रागावलो नाही, माझ्याही मनात तेच आलं होतं. ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या दोन पायऱ्या खाली या, चमचा पूर्ण बंद करा, खाणं तिच्या हातात द्या. ती घाण करेल, करू द्या. तोंडात गेलं नाही तरी चालेल. दुधातून पोट सांभाळू.

२ फेब्रुवारी

आठवडाभर रोज फळीवर माडगं ओतून ठेवतोय. पहिल्या दिवशी बोट लावून हात झटकला. तिसऱ्या दिवशी फळीवर रेघा. आज बोट तोंडात.

कुणी टाळी वाजवली नाही, तसं ठरलं होतं. आजी स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसून आली.

९ फेब्रुवारी: कापडाचा घास

चावायला शिकवायचं पण तुकडा सुटायला नको, यासाठी ताईंची युक्ती अशी: मऊ फळाचा तुकडा स्वच्छ कापडात बांधायचा, शेंडा आपल्या हातात घट्ट आणि गाठोडं लेकराच्या दाढेवर, कडेला. चावलं की रस येतो, तुकडा आत राहतो. जीभ रसाकडे म्हणजे कडेला वळायला शिकते.

कापड कोणतं, हा प्रश्न माझ्या घरचा. टेरीचा टॉवेल चालणार नाही, त्याची लूप दातात अडकून ओढली जाते. नवं कापड नको, त्यात खळ असते. जुन्या पंच्याचे तंतू सुटतात का ते बघायला काळ्या कागदावर चोळलं, सुटले. शेवटी चिऊच्या आईच्या जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा निवडला, उकळला, कडा दुमडून तिनं टीप मारली. आत पिकलेला चिकू.

डावीकडे ६ वेळा चावलं. उजवीकडे लावलं तर तोंड उघडं ठेवून बसली.

२१ फेब्रुवारी

कण. गाळलेल्या पेजेवरून कणाकडे जाताना मिक्सर कमी फिरवून भागत नाही, त्यात काही पीठ होतं, काही गोटी राहते, आणि गोटीला उबळ येते. ताईंच्या पट्टीवर पातळी ५ ला लहान लेकरासाठी कण २ मिमीचा लागतो, ओला, एकसारखा. ज्वारीच्या कण्या चाळल्या. शिजून फुगतात, म्हणून कोरड्या असताना १ मिमीच्या आसपास हव्यात. शिजल्यावर दह्यात कालवल्या, पाणी सुटणार नाही इतपत घट्ट दही. काट्याच्या चमच्यानं दाबलं की दात्यांच्या मधून सहज वर येतात.

पहिल्या दिवशी उबळ ७. दहाव्या दिवशी २. चमचा आता ती स्वतः धरते. दांड्यावर टेरीची पट्टी गुंडाळून ३ सेंमी जाड केलाय, मूठ नीट बसते. दहा चमच्यांतले चार तोंडापर्यंत पोचतात.

शेंगा चटणीचं सांगायचं राहिलं. आमच्या ताटातल्या चटणीकडे ती टक लावून बघायची. कोरडी भुकटी देऊ नका, श्वासाबरोबर जाईल, असं ताई म्हणाल्या, पण तिखटा-आंबटाला नाही म्हणाल्या नाहीत. सैल तोंडाला सपक खाणं कळतच नाही, चव ठसठशीत असली की तोंड जागं होतं. आजीनं तिखट अगदी बेताचं घालून शेंगा पुन्हा पुन्हा वाटल्या, लोण्यासारख्या, मग दह्यात कालवल्या. चिऊनं ओठ मिटून चाटलं. आपलं आपण मिटून. तीन महिने आम्ही बोटानं ज्या ओठाला मदत करतोय तो चटणीसाठी आपोआप मिटला.

१४ मार्च, धुळवड

दोन वर्षांची झाली. वजन ८ किलो ७५०.

तळलेल्या कुरडईची एकच बारीक तार, दाढेवर कडेला धरून. तोंडात विरघळते, म्हणून पहिला खरा चावायचा घास हा. करकर आवाज तिला स्वतःला ऐकू आला आणि दचकून माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा चावलं. ७ तारा.

३० मार्च, पाडवा

श्रीखंड. यात शिकवायचं काही नव्हतं, दोन वाट्या खाल्ल्या.

१३ एप्रिल

ऊन ४० च्या वर. पत्र्याखाली दुपारी ती अन्नाला शिवत नाही, म्हणून मोठी जेवणं सकाळी ७ ला आणि रात्री ८ ला घेतली. घामानं पट्टा घासून मांडीला लाल झालं, आत मलमल शिवली.

इडलीचे ८ मिमीचे तुकडे, तुपात ओले. ही पातळी ६. तुकडा अंगठ्यानं दाबला की नख पांढरं होईल इतक्या जोरातच चुरडला पाहिजे, त्याहून जास्त जोर लागला तर तो चिऊसाठी नाही. डावीकडे ठेवला की चावते. मध्ये ठेवला की जीभ तो टाळूला चिकटवते आणि मग रडते. एकदा मात्र मध्ये ठेवलेला तुकडा जिभेनं स्वतः डावीकडे नेला. मी चुकून दिसलं म्हणून पुन्हा ठेवून बघितलं. पुन्हा नेला.

रात्रपाळीला गेलो तेव्हा मुकादमाला सांगितलं. त्याला कळलं नाही काय झालं ते, तरी त्यानं चहा पाजला.

४ मे

दंड १२.८, पट्टी हिरव्यात. वजन ९ किलो २५०. कार्डावर ठिपका अजून रेषेच्या किंचित खालीच आहे, पण सहा महिन्यांत पहिल्यांदा तो रेषेशी समांतर न जाता तिच्याकडे चढलाय. नोव्हेंबरपासून न्यूमोनिया नाही.

आमरस गाळून. गावठी आंब्याच्या रेषा घशात अडकतात.

११ मे

रात्रीचं जेवण. आजी गरम भाकरी थापत होती. चिऊ आपल्या खुर्चीत, तिच्यासमोर कण्या. माझ्या ताटात भाकरीचा पापुद्रा गरगटात, म्हणजे घोटलेल्या पालेभाजीत, बुडवून ठेवलेला होता. तिनं हात लांब केला.

मी ताईंना विचारलेलं होतं, ज्वारीचा आतला मऊ पदर पूर्ण भिजलेला असेल तर चालेल असं त्यांनी सांगितलं होतं. तरी हात आखडला. चिऊची आई म्हणाली, "द्या. मी बघतेय."

नखाएवढा तुकडा तिच्या हातात दिला. तिनं तो स्वतः डाव्या दाढेवर नेला. १४ वेळा चावलं, मी मोजत होतो. गिळताना हनुवटी खाली गेली, ओठ मिटलेले. मग तोंड उघडून दाखवलं, रिकामं होतं. आवाज कोरडा, घरघर नाही. आजी तव्यापाशीच "हा घास चिऊचा" म्हणायला लागली आणि चिऊनं पुन्हा माझ्या ताटाकडे बोट दाखवलं. एकूण ५ तुकडे.

भाकरी तव्यावर करपली.

बाकी कामं: उजव्या बाजूनं अजून चावत नाही, कापडाचं गाठोडं उजवीकडे रोज दोनदा. जूनमध्ये पुण्याला पाण्याची चाचणी पुन्हा, हुतात्माची तिकिटं काढायची. चमच्याची दांडी आता अडीच सेंमीवर आणायची. पाय वाढलेत, मांड्या बैठकीवरून उचलल्या जातायत. झोपण्याआधी पायफळी एक भोक खाली घेतली.